बोट लागण्याआधी

‘बोट लागली’ या शब्दांना कोकणात दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागली, हा एक. आणि बोटीत बसलेल्याच्या पोटात ढवळू लागले, हा दुसरा. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या ज्या पिढीने मुंबई प्रथम पाहिली ती आगबोटीच्या कठड्याला धरून, तिला हे दोन्ही अर्थ अनुभवाने ठाऊक होते. किनाऱ्यावरून होडीने आगबोटीपर्यंत जायचे, ट्रंका आणि फणस वर चढवायचे आणि लिंबू नाकाशी धरून रात्र काढायची. लिंबू, सुंठ आणि आवळासुपारी एवढीच त्या प्रवासाची आरोग्याची तयारी असे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण प्रवासी आगबोट त्याआधीच इतिहासजमा झाली होती.

आज तीच मुंबई-गोवा वाट पुन्हा बोटीने पार केली जाते. फरक एवढाच की पूर्वी माणसे गरज म्हणून जात, आता सुटी म्हणून जातात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तेव्हा कान्होजी आंग्र्यांचे नाव घेऊन समुद्रपर्यटन आपल्या किनाऱ्यावर आल्याचे कौतुक झाले. २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मुंबईहून थेट विजयदुर्गापर्यंत रो-रो बोटीचा बेतही जाहीर झाला. शिवाय सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी आता मराठी सहल कंपन्यांच्या पत्रकांत नेहमीच्या झाल्या आहेत. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, मुलांच्या परीक्षा संपल्याचा आनंद, निवृत्तीचे पैसे हातात आल्याचे समाधान. निमित्ते अनेक आणि उत्तर एकच, ‘यंदा क्रूझला जाऊ या.’

प्रश्न असा की या सुटीची आखणी करताना आपण काय पाहतो? खोलीला खिडकी आहे का, जेवण शाकाहारी मिळेल का, मुलांसाठी पोहण्याचा तलाव आहे का. आरोग्याच्या अटी असतात त्या करारपत्राच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत. आणि तिथेच खरी गोम असते. तिकिटावर ज्या बंदराचे नाव छापलेले असते, ते बंदर आपल्याला उतरवून घेईलच, अशी हमी कुणी दिलेली नसते. गेल्या काही वर्षांचा हाच सर्वांत मोठा धडा आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत.

मुरगावच्या बंदरात

फार दूर जायला नको. नववर्ष साजरे करण्यासाठी मुंबईहून निघालेले ‘एम्प्रेस’ जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या मुरगाव बंदराशी आले. जहाजावर प्रवासी व कर्मचारी मिळून सुमारे दोन हजार माणसे होती. एका कर्मचाऱ्याला करोनाची लागण झाल्याचे कळले आणि कुणालाही खाली उतरू दिले गेले नाही. सर्वांच्या चाचण्या झाल्या आणि ६६ जण बाधित निघाले. गोव्याचा किनारा डोळ्यांसमोर होता, पण तिथे पाय ठेवता येत नव्हता. जहाज मुंबईला परतले. तिथे पुन्हा चाचण्या झाल्या आणि आणखी शंभरावर बाधित सापडले. त्यातल्या अनेकांना घरी जाण्याऐवजी महापालिकेच्या करोना केंद्राची वा विलगीकरणाची वाट धरावी लागली.

या घटनेतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे प्रवासी निष्काळजीपणे बोटीवर चढलेले नव्हते. लशीची प्रमाणपत्रे आणि चाचणीचे अहवाल दाखवूनच त्यांना प्रवेश मिळाला होता. म्हणजे कागद पुरे होते, तरी सुटी बुडाली. कागद असणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदामुळे धोका कमी होतो, पुसला जात नाही.

त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी २०२० मध्ये, जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज अडकले होते. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते आणि प्रवासी अवघे सहा. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. पण त्यांच्या दाराशी जेवणाची ताटे ठेवणारी मुले दाटीवाटीच्या खोल्यांत राहून रोज काम करीत होती. अखेर २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने त्यांतले ११९ भारतीय दिल्लीला आले. त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ नावाच्या जहाजाला एकामागून एक पाच ठिकाणी नकार मिळाला आणि शेवटी कंबोडियाने ते घेतले. त्यावर एकही बाधित असल्याचे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. बंदराचा नकार हा नेहमी रोगालाच असतो असे नाही. तो पुष्कळदा भीतीलाही असतो.

गोवा आणि दक्षिण कोकणातल्या वाचकांना या बातम्या परक्या वाटायचे कारण नाही. इथल्या कितीतरी घरांतली मुले अशाच जहाजांवर स्वयंपाकघरात, हाउसकीपिंगमध्ये, इंजिनरूममध्ये कामाला आहेत. सुटीवर जाणारे आणि सुटी घडवणारे, दोघेही आपलेच आहेत.

हे सारे जुनेच आहे

बंदरावर माणसे अडवण्याची पद्धत करोनाने शिकवली, असे मानणे चुकीचे ठरेल. रागुसा या एड्रियाटिक समुद्रकाठच्या नगरराज्याने प्लेगच्या भीतीने १३७७ साली आलेल्या माणसांना ३० दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे दिवस ४० झाले आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि लाखो लोकांनी शहर सोडले. घाबरलेली माणसे गावाकडे धावली, कारण संकटात माणूस गावाकडेच धावतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. बंदरात येणारी व बंदरातून जाणारी जहाजे तपासण्याचे आणि प्रवाशांना अडवून ठेवण्याचे अधिकार त्याने सरकारला दिले. २०२० मध्ये करोनाच्या वेळी सरकारने हाती घेतला तो हाच, सव्वाशे वर्षांचा कायदा.

आणि सिंधुदुर्गाला तर बोट नसतानाही हा अनुभव आला. २०२० च्या गणपतीची आठवण काढा. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी गावी आल्यावर किती दिवस वेगळे राहायचे, यावर महिनाभर काथ्याकूट झाला. आधी १४ दिवस म्हटले गेले, मग ते १० झाले. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचावे, त्यानंतर निघणाऱ्याने चाचणी करून यावे, एस.टी.ने येणाऱ्याला ई-पास नको, खासगी गाडीने येणाऱ्याला हवा. असे नियम एकामागून एक आले. गावागावांतल्या समित्यांचे निर्णय त्याखेरीज. मुंबईत रजेचा अर्ज ज्या नियमावर केला, तो नियम गाडी खारेपाटणला येईपर्यंत तसाच असेल याची खात्री नव्हती. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात शिरायला ७२ तासांतील चाचणीचा अहवाल सक्तीचा झाला. बांदा, दोडामार्गाकडून रोज कामाला गोव्यात जाणाऱ्यांची तेव्हा कशी ओढाताण झाली, हे त्या भागातले लोक अजून सांगतात.

त्या दिवसांत गावकऱ्यांवर रागावलेले चाकरमानी पुष्कळ होते. पण गावाची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या घरात ऐंशी वर्षांची आजी आहे आणि जवळचा मोठा दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे, ते घर पाहुण्याला दार उघडताना दोनदा विचार करणारच. बंदराचे आणि गावाचे तर्कशास्त्र एकच असते. आरोग्याचा नियम हा येणाऱ्याच्या सोयीसाठी नसतो. तो राहणाऱ्याच्या संरक्षणासाठी असतो. हे एकदा मनाशी पक्के केले की सुटीची आखणी वेगळ्या तऱ्हेने होऊ लागते.

आजचे नियम, उद्याचे नियम

करोनाच्या बहुतेक अटी आता गेल्या आहेत. परदेशातून भारतात येणाऱ्यांनी भरायचा ‘एअर सुविधा’ अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. पण त्याच डिसेंबरात चीनमध्ये साथ वाढली आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर व थायलंड येथून येणाऱ्यांना चाचणीचा अहवाल पुन्हा मागण्यात आला. तोही फेब्रुवारीत मागे घेतला गेला. म्हणजे तीन महिन्यांत नियम गेला, आला आणि पुन्हा गेला. सहा महिने आधी आरक्षण करणाऱ्या कुटुंबाने काय समजायचे?

काही अटी मात्र टिकून आहेत, आणि त्या करोनापेक्षा जुन्या आहेत. केनिया, ब्राझील यांसारख्या पीतज्वराच्या देशांत जाऊन परत येणाऱ्याला भारतात येताना लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, आणि प्रमाणपत्र लागू होते ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. आदल्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, म्हणून पूर्वी लस घेतली असेल तर ते पिवळे पुस्तक जपून ठेवावे. साठीपुढच्या माणसांनी ही लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

सिंगापूरला उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आरोग्याच्या निवेदनासह आगमनपत्र संगणकावर भरावे लागते. थायलंडनेही १ मे २०२५ पासून असेच आगमनपत्र सुरू केले आहे. पत्र साधे, विनामूल्य. पण ते भरून देण्यासाठी पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे निघाली आहेत. सरकारी संकेतस्थळच उघडले आहे ना, हे घरातल्या जाणत्या मुलाकडून तपासून घ्यावे.

जहाजालाही स्वतःचे कागद असतात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. परदेशातून येणारे जहाज बंदराशी येताना पिवळे निशाण लावते. पुष्कळांना वाटते की पिवळे निशाण म्हणजे रोग. खरे तर त्याचा आजचा अर्थ उलट आहे. ‘माझे जहाज निरोगी आहे, मला बंदरात यायची परवानगी द्या.’ कप्तान जहाजावरच्या आजारांचे निवेदन बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला देतो आणि त्याची परवानगी मिळाल्यावरच माणसे उतरतात. म्हणून आपल्या अर्जात ताप लपवणारा एक प्रवासी साऱ्या जहाजाचे निवेदन खोटे पाडतो.

आखणी कशी करावी?

समजा, दादरला राहणाऱ्या एखाद्या मालवणी कुटुंबाने आजीआजोबांसह सफर ठरवली आहे. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: बंदराने नाकारले, नियम बदलला किंवा घरातले एक माणूस आजारी पडले, तर किती पैसे परत आणि कशाच्या रूपात? ‘पुढच्या सफरीत वळते करू’ हे उत्तर पैशाचे उत्तर नव्हे. बहुतेक कंपन्या आपल्या करारात मार्ग बदलण्याचा हक्क राखून ठेवतात. तो वाचूनच सही करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबईचे हेलपाटे घालण्याची गरज नाही. पण त्यासाठी सारे व्यवहार कागदावर हवेत.

दुसरे, नियम तीनदा पाहावेत: आरक्षणाच्या दिवशी, निघण्यापूर्वी महिनाभर आणि शेवटच्या तीन दिवसांत. जिथे उतरणार तेवढ्याच देशाचे नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक बंदराचे आणि विमान बदलण्याच्या ठिकाणाचेही. सहल कंपनीचा माणूस ‘काही लागत नाही’ म्हणाला, हा पुरावा नव्हे.

तिसरे, डॉक्टरांची भेट निदान सहा आठवडे आधी. फ्लूच्या लशीचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. रोजची औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, मूळ वेष्टनात, मूळ औषधाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी वेदनेची व खोकल्याची औषधे आपल्याकडे सर्रास लिहून दिली जातात. आखाती देशांत त्यांवर कडक निर्बंध आहेत. गरोदर स्त्रीला, सफर संपताना चोविसावा आठवडा लागलेला असेल, तर बहुतेक मोठ्या कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा प्रवेश नसतो. हे धक्क्यावर जाऊन कळणे फार क्लेशाचे.

चौथे, विमा. आपली घरची आरोग्य पॉलिसी साधारणपणे परदेशात आणि जहाजावरच्या दवाखान्यात चालत नाही. तिथला खर्च परकीय चलनात आणि लगेच भरायचा असतो. जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर आणावे लागले किंवा विलगीकरणामुळे मुक्काम वाढला, तर तो खर्च प्रवासविम्यात आहे का, हे नेमके विचारावे. आजोबांची जुनी शस्त्रक्रिया, आजीचा मधुमेह लपवू नये. लपवलेला आजार दावा नाकारण्याचे पहिले कारण ठरतो.

आणि पाचवे, सर्वांत साधे. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस हा नेहमीचा पाहुणा. दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरने तो नीट मरत नाही. त्याला साबण आणि वाहते पाणीच लागते. बुफेच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी हात धुवावेत, ही आजीची शिकवण समुद्रावरही लागू आहे.

किनाऱ्याचे काय?

आता उलट बाजूने पाहू. उद्या दोन हजार माणसांचे जहाज सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे नांगर टाकून उभे राहिले आणि होड्यांनी पर्यटक मालवणच्या धक्क्यावर उतरू लागले, तर आनंदच आहे. हॉटेले, रिक्षा, खाजाची दुकाने, तारकर्लीचे निवासवाले, साऱ्यांना चार पैसे मिळतील. पण त्याच जहाजावर साथ निघाली तर? मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. तरीही गंभीर रुग्णाची रुग्णवाहिका आजही बांबोळीची वाट धरते. त्या गोवा मेडिकल कॉलेजने २०१८ च्या आरंभी गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सीमेवरच्या तालुक्यांत आंदोलने झाली होती. म्हणजे आपल्याच रुग्णांची सोय दुसऱ्या राज्याच्या नियमावर अवलंबून असताना आपण पाहुण्यांची भिस्त घेणार आहोत.

धक्का बांधायला निधी मिळतो, उद्घाटनाला मंत्री येतात. पण धक्क्यावर आरोग्य अधिकारी किती, विलगीकरणाच्या खोल्या कुठे, जहाज अडले तर निर्णय बंदराचा की जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि तो निर्णय प्रवाशाला मराठीत, तारखेसह, एकाच ठिकाणी वाचायला मिळेल का, हे प्रश्न फीत कापण्याआधी सुटायला हवेत. २०२० च्या गणपतीत लोक नियमांनी तितके त्रासले नाहीत, जितके ते रोज बदलणाऱ्या आणि दहा तोंडांनी सांगितल्या जाणाऱ्या नियमांनी त्रासले. नियम कडक असला तरी चालतो. तो वेळेवर कळला पाहिजे आणि त्याची किंमत एकट्या प्रवाशाच्या खिशातून वसूल होता कामा नये.

मालवणच्या बंदरात पावसाळ्यापूर्वी, २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत, प्रवासी होड्या बंद होतात. त्या दिवशी समुद्र शांत दिसत असला तरी तांडेल होडी वर ओढतो, कारण दर्याचा नियम दर्यापेक्षा आधी पाळायचा असतो, हे त्याला बापजाद्यांनी शिकवलेले असते. सुटीला निघणाऱ्या कुटुंबाने आणि ती सुटी विकणाऱ्या कंपनीने या तांडेलाकडून एवढे शिकले तरी पुरे. मग बोट लागेल ती धक्क्यालाच लागेल. आणि दुसऱ्या अर्थाने लागलीच, तर पिशवीत लिंबू आहेच.